१ जून : एसटी, दख्खनची राणी, प्रभात, नर्गिस... आणि आमच्या आप्पांचा कागदावरचा वाढदिवस

बालाघाट

मंडळी, परवा १ जून. आमचे आप्पा कागदावर ७७ पूर्ण करतात. कागदावर असं मुद्दाम लिहिलंय, कारण खरी तारीख त्यांनाही माहीत नाही आणि आम्हालाही नाही. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून १९४८ लिहिली, तीच पुढे दाखल्यावर, नोकरीत, रेशनकार्डावर, आधारवर सगळीकडे गेली. इथल्या निम्म्या लोकांच्या घरी असा एक तरी १ जूनवाला असणार, म्हणून हा धागा.

आता गंमत बघा, गुरुजींनी डोळे झाकून लिहिलेली ही तारीख केवढी मोठी निघाली. १ जून १९४८ लाच नगर ते पुणे पहिली एसटी धावली. म्हणजे नुसता दिवस नाही, सालसुद्धा तेच! आणि आप्पा एसटीतच वाहक म्हणून लागले, नगर विभागात, ३३ वर्षं तिकिटं फाडली. दर १ जूनला डेपोत गाडी धुऊन हार घालायचे, रांगोळी, नारळ, पेढे, आणि मग कुणीतरी ओरडायचं, अरे हिचा जुळा भाऊ कुठाय, बोलवा त्याला. मग आप्पांना गाडीशेजारी उभं करून त्यांच्याही गळ्यात हार. माझ्या लहानपणी मला खरंच वाटायचं की एसटी आणि आप्पा एकाच दिवशी जन्मले.

पहिल्या गाडीची हकिकत आप्पांना तोंडपाठ आहे. सकाळी ८ वाजता नगरच्या माळीवाड्यातून निघाली, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. तीस सीटची बेडफोर्ड, लाकडी बॉडी, काथ्याच्या सीटा. तिकीट अडीच रुपये. चास, कामरगाव, सुपा, शिरूर, लोणीकंद असं करत पुण्याला पोचली, आणि वाटेत गावोगावी लोक ओवाळायला उभे होते. केवटेंचं नाव घेताना आप्पा अजून सरळ बसतात.

त्याच तारखेला १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली, १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी. हे मला गेल्या आठवड्यात कळलं तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. तुम्हाला १ जूनचं अजून काय माहीत आहे ते लिहा, कोणाचे वाढदिवस, काय घडलं, सगळं.

आणि एक खरी विनंती. आप्पांची खरी तारीख काढता येईल का? आमची आजी (आप्पांची आई) एवढंच सांगायची, "रझाकाराचं साल, पोळ्याची कर, दिस उगवायच्या आत." गाव आमचं पाटोदा तालुक्यात, बीड जिल्हा, म्हणजे तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या. आजी १९९१ ला गेली. आप्पा परवा म्हणाले, एवढी वर्षं दुसऱ्याच्या दिवशी हार घालून घेतला, एकदा माझा दिवस कुठला ते कळलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हापासून मला झोप नाही.

---

चित्रपटी

वा बालाघाट, मस्त धागा. प्रभातबद्दल थोडी भर. १ जून १९२९, शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी अशी पाच जणांची भागीदारी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकलेले, कुलकर्णी सराफ, त्यांनी पैसा उभा केला. कॅमेरा, सेट, सुतारकाम, रंग सगळं स्वतःच्या हातानं करणारी माणसं. कंपनी १९३३ ला पुण्यात आली आणि ती जागा म्हणजे आजची एफटीआयआय, सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था. ज्यांना पुण्यातला प्रभात रोड माहीत आहे पण नाव कुठून आलं ते माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते याच प्रभातवरून.

पण तुम्ही ज्या गोष्टीसाठी झोप घालवून बसलात तसलाच एक योगायोग इथेही आहे. नर्गिसचा जन्म १ जून १९२९, कलकत्त्याला. म्हणजे ज्या दिवशी कोल्हापुरात प्रभातची मुहूर्तमेढ रोवली बरोबर त्याच दिवशी. तारीख तीच, साल तेच. एकीकडे प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी वाजवणारी ती बाई, दुसरीकडे पुढे खांद्यावर नांगर ओढणारी मदर इंडिया. मी जुन्या सिनेमाच्या मागे वेडा झालेला माणूस आहे आणि हे लक्षात आलं तेव्हा मी बायकोला उठवून सांगितलं होतं.

---

कोच_डी३

डेक्कन क्वीनवर मी बोलणार नाही तर कोण बोलणार. एकोणीस वर्षं पुणे-मुंबई अपडाऊन केलंय, पास काढून. दर १ जूनला पहाटे पुणे स्टेशनवर फुलांच्या माळा, बँड, केक, आम्ही पासधारक लोक वर्गणी काढायचो. इंजिनाला ओवाळताना ड्रायव्हरसाहेबांनाही कुंकू लावायचं ही पद्धत.

सुरुवातीला तिचे दोन रेक होते, सात सात डब्यांचे, एक रुपेरी त्यावर लाल पट्टे, दुसरा निळा त्यावर सोनेरी रेघा. विजेच्या इंजिनावर घाट चढून जाणारी गाडी, १९३० साली ही केवढी नवलाई असेल विचार करा. पण तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग जोडला तो जून १९५५ मध्ये. म्हणजे साध्या माणसाला राणीत पाय ठेवायला पंचवीस वर्षं थांबावं लागलं. माझे आजोबा खडकीत कारखान्यात होते, ते सांगायचे आम्ही फाटकापाशी उभं राहून तिला बघायचो, बसायचं मनातसुद्धा यायचं नाही. त्यामुळे बालाघाट, तुमच्या त्या अडीच रुपयांच्या काथ्याच्या सीटबद्दल वाचून मला जरा भरून आलं. एसटीत पहिल्याच दिवशी कोणीही बसू शकत होता.

---

नगरी_बाणा

बालाघाट, एक बारीक दुरुस्ती, रागावू नका. हल्ली सगळीकडे मेसेज फिरतो की १ जून १९४८ ला महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झालं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही पण कोणीतरी लिहिणारच. तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं, मुंबई राज्य होतं. सरकारनं स्वतः बस चालवायला घेतली ती तारीख १ जून १९४८. महामंडळाचा कायदा १९५० चा, त्याखाली आधी मुंबई राज्याचं महामंडळ झालं आणि महाराष्ट्राचं नाव १९६० नंतर लागलं. वाढदिवस एसटीचा आहे, महामंडळाचा नाही. आमच्या नगरच्या माणसाला हा फरक महत्त्वाचा वाटतो कारण पहिली गाडी आमच्या माळीवाड्यातून सुटली.

आणि हो, २०२२ साली १ जूनलाच पुणे-नगर मार्गावर शिवाई, म्हणजे विजेवरची एसटी सुरू झाली. मी मुद्दाम तिकीट काढून गेलो होतो. आवाजच नाही गाडीला. शेजारचे आजोबा दर दहा मिनिटांनी विचारायचे, गाडी बंद पडली का हो.

---

खडूफळा

मी सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक. या १ जूनचं पाप आमच्या खात्याच्या माथी आहे म्हणून दोन शब्द लिहितो, जरा लांबेल.

त्या काळी शाळा जूनमध्ये भरायची. आईबाप पोराला हाताला धरून आणायचे. पहिला प्रश्न, वय किती? उत्तर, असंल की पाच-सहा वर्साचं. मग पोराला सांगायचं, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर. कान हाताला लागला तर पोरगं शाळेत घ्यायच्या वयाचं, नाही लागला तर पुढच्या वर्षी या. हे मी स्वतः केलेलं आहे, माझ्या गुरुजींनी माझं केलेलं आहे. पण जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारखेचा रकाना असतो, अंकी आणि अक्षरी दोन्ही, तो मोकळा ठेवता येत नाही. जन्माचा दाखला नाही, घरात लिहून ठेवलेलं नाही, आईला आठवतं ते सुगीचे दिवस होते किंवा आखाडात झाला एवढंच. मग प्रवेशाच्या तारखेवरून सहा वर्षं मागे जायचं आणि १ जून टाकायचं. म्हणजे नियमात बसलं, पोर आत आलं. हे कुणाची फसवणूक करायला केलेलं नाही हे मनापासून सांगतो. तारखेसाठी परत पाठवलं असतं तर अर्धी पोरं, त्यातून मुली तर नक्कीच, पुन्हा आल्याच नसत्या.

परिणाम मात्र नोकरीच्या शेवटी कळतो. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा तो आदल्या महिन्याच्या अखेरीला सेवानिवृत्त होतो असा नियम आहे, त्यामुळे १ जूनवाले सगळे ३१ मेला. माझी स्वतःचीही १ जूनच. माझ्या निरोपाच्या दिवशी एकाच मांडवात आमचे सात जणांचे सत्कार झाले, सात नारळ सात शाली, आणि सातही जणांना आपला खरा जन्म कधीचा हे माहीत नव्हतं. दरवर्षी ३१ मेला राज्यभर हेच होतं, एका दिवसात खात्याखात्यांतून माणसांचे जथेच्या जथे बाहेर पडतात. बालाघाट, तुमच्या आप्पांचंही असंच असणार.

आमच्या आईला माझ्या भावाचा जन्म विचारला तर म्हणायची कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी दोन महिने. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. म्हणजे ऑक्टोबर. बहिणीचा विचारला तर पानशेत फुटलं तेव्हा ती रांगत होती. पानशेत १२ जुलै १९६१. आईच्या डोक्यात अशी सगळी दिनदर्शिका होती, फक्त त्यात आकडे नव्हते.

---

बालाघाट

खडूफळा गुरुजी, पाप वगैरे म्हणू नका. आप्पा शाळेत गेले म्हणून मी आज हे टाईप करतोय. आणि हो, ३१ मे २००६ लाच रिटायर झाले ते. त्या दिवशी शेवटची फेरी जामखेड मुक्काम होती, गाडी डेपोत लावून तिकिटाची पेटी जमा केली आणि चालत घरी आले, रिक्षा नको म्हणाले.

---

समिंदर

आमच्याकडे १ जून म्हणजे वेगळंच. मी हर्णैचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस. यांत्रिक नौका सगळ्या किनाऱ्यावर ओढायच्या, शाकारून ठेवायच्या, जाळी धुऊन घरात. माशांचा विणीचा हंगाम आणि दर्या खवळलेला, दोन्ही कारणं. लहानपणी ३१ मेच्या संध्याकाळी बंदरावर शेवटची होडी लागायची ती बघायला आम्ही पोरं धक्क्यावर बसायचो. नंतर नारळी पुनवेपर्यंत सुकटीवर दिवस काढायचे.

हवामान खात्याचा पावसाळाही १ जूनपासूनच मोजतात, आणि केरळात मान्सून पोचायची सर्वसाधारण तारीख तीच. शेतकऱ्याची शाळा, कोळ्याची सुट्टी, पावसाचं वर्ष, सगळं एकाच दिवशी चालू. गुरुजींना दुसरी तारीख सुचणार तरी कुठून.

---

कलकत्तेकर

मी चाळीस वर्षं कोलकात्यात आहे, मूळ सातारचा. १ जूनच्या यादीत एक नाव घालतो जे महाराष्ट्रात विसरलं गेलंय. सत्येंद्रनाथ टागोर, जन्म १ जून १८४२. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ, आयसीएसमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या वरिष्ठ मुलकी सेवेत, गेलेले पहिले भारतीय. त्यांची नोकरी जवळजवळ सगळी मुंबई इलाख्यात झाली, आणि शेवटी आमच्या साताऱ्याला न्यायाधीश असताना निवृत्त झाले. इथे राहून मराठी शिकले आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. इंग्रज सरकारच्या मोठ्या हुद्द्यावरचा बंगाली माणूस साताऱ्यात बसून तुकोबा वाचतोय हे चित्र मला फार आवडतं. पुढे चित्रपटींच्या प्रभातनं संत तुकाराम काढला आणि तो १९३७ ला व्हेनिसपर्यंत नावाजला गेला. दोन १ जूनवाले, एक माणूस एक कंपनी, आणि दोघांनीही तुकोबा महाराष्ट्राबाहेर नेले.

---

सई_पुणे

मॅरिलिन मन्रो १ जून १९२६, आर. माधवन १ जून १९७०, दिनेश कार्तिक १ जून १९८५. हेलन केलर गेली ती १ जून १९६८. नेपाळच्या राजवाड्यातलं हत्याकांड १ जून २००१, तेव्हा मी शाळेत होते आणि सुट्टीत दिवसभर टीव्हीवर तेच चालू होतं, अजून आठवतं.

---

सातासमुद्र

अमेरिकेतून लिहितोय. इथे हाच प्रकार १ जानेवारीचा आहे. माझ्यासोबत एक अफगाण सहकारी काम करतो, त्याची, त्याच्या बायकोची आणि त्याच्या आईची तिघांची जन्मतारीख १ जानेवारी. निर्वासित म्हणून आले तेव्हा तारीख माहीत नव्हती, फॉर्म भरणाऱ्यानं १ जानेवारी घातली. सुदान, सोमालियाकडून आलेल्या कित्येकांचं असंच. मी त्याला आमच्या १ जूनचं सांगितलं तर त्यानं मला मिठीच मारली. म्हणाला, म्हणजे तुमच्याकडे सरकारनं निदान उन्हाळ्यातला दिवस दिला.

---

पंचांगवाला

बालाघाट, तुमच्या प्रश्नाकडे कोणी वळेना म्हणून मी बसलो हिशोबाला.

आजींनी तुम्हाला फार चोख माहिती दिली आहे, तुम्हाला ती अपुरी वाटते एवढंच. पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या. रझाकाराचं साल म्हणजे १९४८ धरू. १९४७ ला अधिक श्रावण होता, १९४८ ला अधिक महिना नाही. त्या वर्षीची श्रावण अमावास्या येते ३ सप्टेंबर १९४८, शुक्रवार. कर म्हणजे सणाचा दुसरा दिवस. मग ४ सप्टेंबर १९४८, शनिवार, पहाटे. "दिस उगवायच्या आत" म्हणजे जुन्या पद्धतीनं तो अजून शुक्रवारच, कारण आपल्याकडे वार सूर्योदयाला बदलतो, पण इंग्रजी तारीख ४ च राहील.

फक्त साल पक्कं करा. रझाकारांचा त्रास १९४७ पासूनच चालू होता, आणि १९४७ चा पोळा धरला तर १४ सप्टेंबर येतो. म्हणजे वर्षाचा फरक पडेल. आजी अजून काही सांगायच्या का त्या दिवसांबद्दल?

---

बालाघाट

पंचांगवाला, हात थरथरतायत वाचताना. थांबा, आप्पांना विचारतो.

विचारलं. आजी सांगायची, पोर नऊ दिवसांचं असताना मिल्ट्री आली आणि मग सगळे मोकळे झाले. आम्हाला वाटायचं नऊ दिवस ही बोलायची पद्धत.

---

पंचांगवाला

पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामावरची भारतीय लष्कराची कारवाई, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली, १७ ला निजाम शरण आला. ४ पासून १३ पर्यंत मोजा.

---

चित्रपटी

अंगावर काटा आला.

---

मोडीवाचक

मी जुनी कागदपत्रं वाचून देतो, मोडी आणि बाळबोध दोन्ही. तिथी जुळली हे उत्तमच, पण कागद मिळाला तर आणखी बरं. जन्ममृत्यू नोंदणीचा आत्ताचा कायदा १९६९ चा, पण त्याच्या आधीही गावोगावी नोंदी व्हायच्या. गावचा कोतवाल ठेवायचा किंवा पाटील, त्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. ती दप्तरं आता तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. गेल्या एकदोन वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधासाठी यातली पुष्कळ बाहेर आली, धूळ झटकली गेली, काही स्कॅनसुद्धा झाली, त्यामुळे आता शोधणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. नकलेसाठी साधा अर्ज, गावाचं नाव आणि साल द्यायचं.

---

बालाघाट

दादा, ते करून झालंय. पाटोद्याला दोनदा जाऊन आलो. तिथला माणूस चांगला होता, त्यानं माझ्यासमोर गठ्ठे सोडले, पण आमच्या गावचं १९४८ चं काहीच नाही. त्या वर्षी गावात राहिलं होतं तरी कोण लिहायला, अर्धं गाव सरहद्द ओलांडून पूर्वीच्या इंग्रजी मुलखात गेलेलं असं आप्पा ऐकत आलेत. तिथेच आमचं गाडं अडलं.

---

सुमनताई

बाळा, मी इथे फारसं लिहीत नाही, नुसतं वाचते. तुझे आप्पा आजीचं कितवं मूल?

---

बालाघाट

पहिलं. थोरले.

---

सुमनताई

मग पाटोद्याला काय शोधतोस? पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आजीचं माहेर कुठलं? त्या धामधुमीत तर दिवस गेलेल्या लेकीला आईबाप आधी आपल्याकडे घेऊन जातील. आणि ती पोळ्याच्या दिवशीसुद्धा माहेरीच असणार, सासरी असती तर करीच्या दिवसाची आठवण तिनं भाकरी थापण्याची सांगितली असती. पुरुष माणसं गाव शोधतात ते वडलांचं. आईचं गाव शोधा.

---

मोडीवाचक

सुमनताई, साष्टांग नमस्कार. तीस वर्षं हे काम करतोय आणि हा प्रश्न मी पहिला विचारायला हवा होता.

---

बालाघाट

ताई... आजीचं माहेर जामखेड तालुक्यातलं. चौंडीच्या बाजूचं, अहिल्याबाईंचं जन्मगाव ते. म्हणजे नगर जिल्हा. पूर्वीचा इंग्रजी मुलूख, निजामाचा नाही. आणि आप्पांनी शेवटची फेरी जामखेडचीच केली होती. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही. सोमवारी जातो.

---

मोडीवाचक

जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, बारशाच्या आधीच लिहिलेलं असतं, म्हणून नाव शोधत बसू नका, आजोबांचं नाव शोधा. आणि माहेरच्या गावात जावयाचं नाव कोतवालाला नीट माहीत नसू शकतं, तेव्हा आजीच्या वडलांचं नावही घेऊन जा. तारीख नोंदवल्याची आणि जन्माची वेगळी असू शकते, दोन्ही रकाने बघा.

---

खडूफळा

आणि कळलं की आधी आप्पांना सांगा, मग इथे.

---

बालाघाट

*(दीड महिन्यानंतर)*

धागा वर काढतोय. माफ करा, उशीर झाला. पहिल्या सोमवारी रेकॉर्ड रूमचे कर्मचारी रजेवर, दुसऱ्यांदा गेलो तर आजीच्या गावचा गठ्ठा सापडेना, दुसऱ्या गावाच्या गठ्ठ्यात बांधला गेला होता. तिसऱ्या वेळी मिळाला. वहीची कडा वाळवीनं खाल्लेली आहे पण सप्टेंबरचं पान शाबूत.

४ सप्टेंबर १९४८. मुलगा. बापाच्या नावाच्या जागी आमच्या आजोबांचं नाव, गाव आमचं, तालुका पाटोदे, आणि पुढे "मोगलाई" असा एकच शब्द. कोतवालानं निजामाच्या हद्दीतला माणूस म्हणून तसं लिहिलं असणार. खबर देणार म्हणून आजीच्या वडलांचा अंगठा. बाळाच्या नावाचा रकाना मोकळा, मोडीवाचकदादा म्हणाले तसाच.

गुरुजींचं ऐकलं, आधी आप्पांना सांगितलं. फोनवर नाही, नक्कल हातात घेऊन घरी गेलो. आप्पांनी चष्मा लावला, तिकिटाचा नंबर बघायचे तसं बोट ठेवून ओळ न ओळ वाचली. बराच वेळ त्या अंगठ्यावर बोट होतं, त्यांनी आपल्या आजोबांना कधी बघितलेलं नाही, ते आप्पा दोन वर्षांचे असतानाच गेले. मग विचारलं, झेरॉक्स आहे का याची. म्हटलं आहे. तर खिशातलं पेन काढून झेरॉक्सवरच्या त्या मोकळ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. पूर्ण नाव, आईच्या नावासकट.

कागदपत्रं बदलायची नाहीत असं ठरलं. ७७ वर्षं ज्या तारखेनं निभावून नेलं ती राहू दे म्हणाले, एक जूनला डेपोत जायचं ते जायचंच, तिथे हार गाडीचा. घरात मात्र पोळ्याची कर पाळायची, पुरणपोळी आदल्या दिवशीची आणि आजीच्या फोटोला पहिला नैवेद्य.

सुमनताई, आप्पांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. म्हणाले, त्या ताईंना सांग, आईला विचारल्याशिवाय तारीख लागली नाही.

---

सुमनताई

मी रडतेय रे बाळा. आप्पांना माझाही नमस्कार.

---

कलकत्तेकर

आप्पांच्या नव्या दिवसाला सोबत घ्या, ४ सप्टेंबर १८२५, दादाभाई नौरोजी. आप्पांना पहिली पुरणपोळी आमच्याकडून.

---

कोच_डी३

ऋषी कपूरपण ४ सप्टेंबर, १९५२. आणि किरण मोरे, १९६२. एसटीएवढी मोठी नाही पण यादी बरी आहे.

---

खडूफळा

आज सकाळी मुलाला घेऊन मामाच्या गावी चाललोय. आमच्या आईनं मला सांगितलं होतं, मृग लागला त्या दिवशी पहिला पाऊस पडला आणि तू झालास. वय ७१. पंचांगवाले, आल्यावर तुम्हाला त्रास देतो.

---

मोडीवाचक

गुरुजी, जरूर. आणि बालाघाट, एक काळजी घ्या. नकलेला लॅमिनेशन करू नका, काही वर्षांनी शाई प्लास्टिकला चिकटून निघते. साध्या पाकिटात सपाट ठेवा, घडी घालू नका. आप्पांनी नाव लिहिलेली झेरॉक्स आहे ना, तीसुद्धा त्याच पाकिटात ठेवा, वेगळी नको.